माझ्या पोटातलं परकं लायसन्स

मित्रांनो, मी एक जुनी कातडी थैली आहे आणि मी चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारी उगाच फणकारते. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की त्यांचा गळा दाटून येतो म्हणतात. माझा नाही येणार. मला गळा नाही. मला एक चेन आहे, आत दोन कप्पे आहेत आणि अंगात राग आहे.

माझा जन्म गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या एका दुकानात झाला. हे दुकान विमानतळाच्या मागच्या भिंतीला अगदी खेटून आहे. विमान उतरायला लागलं की पत्रे थरथरतात आणि टेबलावरच्या टाचण्या नाचतात. दुकान एका बाईचं. तिचा नवरा लवकर गेला. पदरात दोन पोरं होती, एक मुलगी आणि एक मुलगा. बाई शाळेत फारशी गेलेली नाही. सही करते ती चित्र काढल्यासारखी. छापलेलं काही वाचायला दिलं की म्हणते, "चष्मा घरी राहिला." चष्मा तिच्या डोक्यावर असतो! पण कातड्यावर रापी चालवावी तर तिनंच. रापी म्हणजे कातडं कापायची सुरी. बाईची रापी धारदार आणि जीभ त्याहून धारदार. गिऱ्हाईक "कधी मिळेल?" असं दुसऱ्यांदा विचारत नाही.

ती दोन पोरं शिलाईच्या टेबलाखाली, फोमच्या तुकड्यांवर लोळत मोठी झाली. डोक्यावरून दिवसभर विमानं जायची. तेच त्यांच्या डोक्यात शिरलं. आधी ताई पायलट झाली, मग तिच्या पाठोपाठ धाकटा. धाकट्याला लायसन्स मिळालं त्या दिवशी बाईनं पाहिलं की ताई आपले कागद दुधाच्या पिशवीसारख्या कसल्या तरी प्लास्टिकमध्ये घेऊन हिंडते. बाई म्हणाली, "विमान उडवतेस की भाजी आणायला जातेस?" आणि तिनं रापी उचलली.

एका जुन्या मोटारीच्या मागच्या सीटचं कातडं उरलं होतं. मऊ, तपकिरी, आतून जाड. त्यातून बाईनं दोन थैल्या कापल्या. माप एक, दोरा एक, चेन एकाच रिळाची. ताई म्हणाली, "आई, एकीवर काहीतरी खूण कर गं. रंगीत टाका घाल एखादा."

"कशाला? उद्या म्हणशील, धाकट्याला लाल घातला नि मला पांढरा. लहानपणी एका पेन्सिलीवरून डोकी फोडलीत एकमेकांची. दोघांचं सारखं. विषय संपला."

अशी मी जन्मले, आणि माझ्याबरोबर माझी जुळी. मी ताईकडे गेले, जुळी धाकट्याकडे.

माझ्या पोटात काय असायचं ते सांगते. एक छोटी पुस्तिका, म्हणजे ताईचं लायसन्स. तिला चिकटून डॉक्टरांचा दाखला, की ही बाई धडधाकट आहे, हिला डोळ्यांनी नीट दिसतं. नियम असा होता की विमान उडवताना हे कागद पायलटच्या जवळ हवेत. विमान तयार, इंधन भरलेलं, आकाश स्वच्छ, आणि पुस्तिका घरी राहिली, तर बसा खाली. सगळ्यांच्या पुस्तिकांची कव्हरं एका रंगाची, एका आकाराची. आत उघडून पाहिल्याशिवाय कोणाची कोणती ते कळत नाही.

ताई छोटं विमान चालवायची. त्यात प्रवासी नसत, रोगी असत. इथल्या दवाखान्यात जे जमत नाही ते मोठ्या शहरातल्या दवाखान्यात करायला घेऊन जायचं, हे तिचं काम. पायलट एकच, बरोबर एक नर्स, आणि मध्ये स्ट्रेचर. मी ताईच्या सीटच्या बाजूच्या खाचेत बसायचे. किती विव्हळणं ऐकलं मी! एकदा तर विमानात बाळ जन्मलं. नर्स ओरडली, "मुलगी झाली!" ताई म्हणाली, "छान, आता दोघींनी पट्टे बांधा." असे ते दिवस होते, मित्रांनो. तेव्हा मी मिरवत होते, हे खोटं कशाला बोलू?

तपासनीस यायचे, मला हातात घ्यायचे, अंगठा फिरवून म्हणायचे, "काय सुंदर शिवलीय! कुठून घेतली?" ताई सांगायची, "आईनं केलीय." घरी येऊन आईला सांगितलं की ती नाक उडवायची. "त्यांना काय कळतं शिलाईतलं? आतली कड बघा म्हणावं, आतली. बाहेरून कोणीही गोड दिसतं." पण त्या दिवशी पोरांच्या ताटात एक पोळी जास्त पडायची.

मग एक नवी गोष्ट झाली. लायसन्स देणाऱ्या कचेरीनं प्रत्येक पायलटला त्याचं लायसन्स फोनवर पाठवलं. त्यात फोटो, नंबर, डॉक्टरांचा दाखला, आणि ठिपक्याठिपक्यांचा एक चौकोन. त्या चौकोनासमोर तपासनीसानं आपलं यंत्र धरलं की कचेरीचं दप्तरच सांगतं, हा माणूस खरा की खोटा. मला वाटलं, संपलं आता आपलं. पण कसलं संपतंय! लायसन्स फोनवर आलं आणि नियम मात्र कागदावरच मांडी घालून बसला. कागद जवळ पाहिजे म्हणजे पाहिजे. फोनवरचं का पाठवलं मग? शोभेला?

आता त्या दिवसाकडे येते. येऊ नये असं वाटतं, पण यायलाच पाहिजे.

आदल्या दिवशी दुकानात काम कमी होतं. पोरं घरी होती. बाईचा हात रिकामा राहत नाही. तिनं आम्हा दोघींना खुंटीवरून काढलं, पोटातले कागद बाहेर काढून टेबलावर ठेवले आणि आमच्या अंगाला तेल चोळलं. कातड्याला अधूनमधून तेल लागतं, नाहीतर ते तडकतं. आम्ही खिडकीत वाळलो. मग बाईनं कागद पुन्हा आत घातले. एक पुस्तिका हिच्यात, एक तिच्यात. उघडून पाहिल्या नाहीत. उघडून तरी काय करणार होती, ते पुढे तीच बोलली.

ताईच्या पुस्तिकेचा एक कोपरा दुमडलेला होता. इतकी वर्षं तो मला आतून टोचायचा. त्या संध्याकाळी टोचला नाही. मला तेव्हाच कळलं, हे पोट दुसऱ्याच्या कागदानं भरलंय. मी काय करणार? चेन आहे, जीभ नाही. खुंटीवर लटकत राहिले आणि मनातल्या मनात ओरडत राहिले.

सकाळी फोन आला. एका सुताराचा हात यंत्राच्या करवतीत गेला होता. चार बोटं तुटली. बोटं बर्फाच्या डब्यात ठेवलीत, मोठ्या दवाखान्यात लवकर पोहोचलं तर जोडता येतील. ताईनं चहा तसाच टाकला, मला खुंटीवरून ओढलं आणि निघाली. ती विमानातली प्रत्येक गोष्ट बोट ठेवून तपासते. चाकं, इंधन, पंख, दाराची कडी. मला मात्र तिनं उघडलं नाही. आईनं भरून दिलेला डबा कोणी उघडून बघतं का, खरंच आत जेवण आहे की नाही?

विमानं उभी असतात त्या काँक्रीटच्या अंगणात सुताराला आणलं. त्याच्या हाताला पट्ट्यांचा मोठा गोळा बांधलेला. शेजारी त्याची बायको, मांडीवर बर्फाचा डबा. तिनं तो दोन्ही हातांनी असा धरला होता, जणू आत काही झोपलं आहे. ताई दार लावणार, एवढ्यात तपासनीस आला. माणूस सभ्य. इस्त्रीचे कपडे, बोलणं हळू.

"कॅप्टन, कागद बघू."

ताईनं मला पुढे केलं. त्यानं चेन उघडली, पुस्तिका काढली, पान उलटलं आणि थांबला.

"मॅडम, या फोटोत मिशी आहे."

"काय?"

"मिशी. आणि नावही तुमचं नाही."

ताईनं पाहिलं आणि तिच्या तोंडचा रंग उडाला. "माझ्या भावाचं आहे हे. घरी अदलाबदल झाली. थांबा, माझं फोनवर आहे." तिनं फोन पुढे धरला. तपासनीसानं आपलं यंत्र ठिपक्यांसमोर धरलं. यंत्र पिंग वाजलं. हिरवा रंग आला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तुम्हीच आहात. मला माहीतच आहे हो. मागच्या खेपेला मीच तपासलं होतं तुम्हाला."

"मग निघू?"

"नाही ना. मूळ कागद जवळ हवा. फोनवरचं चालत नाही."

"पण तुमच्याच कचेरीनं पाठवलंय!"

"हो. पण चालत नाही. माझ्या हातात काही नाही, मॅडम."

मित्रांनो, त्याच्या हातात मी होते. त्याच्या हाताला पाच धडधाकट बोटं होती. आणि तो म्हणतो, माझ्या हातात काही नाही!

आतून सुतार विचारत होता, "काय झालं? निघायचं ना?" नर्स दाराशी येऊन म्हणाली, "ताई, उशीर नको." ताईनं हात जोडले. माझी ताई, जी वादळात हात जोडत नाही, तिनं त्या माणसापुढे जोडले. "साहेब, नंतर मला काय शिक्षा करायची ती करा. आत एकदा डोकावून तरी बघा, कोण आहे."

"ते माझं काम नाही. माझं काम कागद बघणं."

मग ताईनं घरी फोन लावला. पलीकडे बाई म्हणाली, "मी घातल्या होत्या की नीट!" आणि फोन आपटला.

पुढचं मला जुळीनं सांगितलं. धाकटा सुट्टीवर होता, झोपला होता. बाईनं त्याला पांघरुणासकट उठवलं. तो तसाच, उलटा सदरा घालून स्कूटरवर बसला, मागे बाई, छातीशी जुळी. आमचं घर नि दुकान दोन्ही भिंतीला लागून. भिंतीत दार असतं तर बाई चहा निवायच्या आत पोहोचली असती. पण फाटक पार दुसऱ्या टोकाला. आणि फाटकावर पहारेकरी, नि धाकट्याचा पास घाईत घरीच राहिलेला. "पास दाखवा."

"माझी पोरगी आत अडकलीय. ही थैली तेवढी दे तिला."

"वस्तू अशी आत नेता येत नाही, आई. वरच्या साहेबांना विचारावं लागेल."

"मग विचार! की तेही विचारायला कोणाला विचारावं लागतं?"

वरचे साहेब जागेवर नव्हते. ते आले, त्यांनी थैली उलटीसुलटी करून पाहिली, कोणाला तरी फोन केला, कसली तरी नोंद केली. इकडे विमान तापत होतं. सुताराची बायको डब्यावर पदर धरून बसली होती, उगीच, ऊन लागू नये म्हणून. शेवटी जुळी आली. तपासनीसानं दुमडलेल्या कोपऱ्याची पुस्तिका उघडली, टिकमार्क केला आणि म्हणाला, "शुभ प्रवास."

शुभ प्रवास!

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोटं जोडली. दोन बोटं जगली, दोन नाही. ताईनं त्यांना सरळ विचारलं, "आम्ही वेळेत आलो असतो तर?" डॉक्टर म्हणाले, "चारही वाचली असती असं मी छातीठोक सांगणार नाही. पण उशीर झाला, एवढं सांगतो." त्या एवढ्यावर ताई किती दिवस जेवली नाही.

आणि वर काय झालं ऐका. कचेरीतून ताईला नोटीस आली. दुसऱ्याचं लायसन्स दाखवलं, म्हणून चौकशी. चौकशी होईपर्यंत उडायचं नाही. ताई दुकानात येऊन बसली. बसून काय करणार, म्हणून कव्हरं शिवायला लागली. तिची शिलाई म्हणजे कुत्र्यानं ओढलेली दोरी. एरवी बाईनं रान उठवलं असतं. आता ती मागून येऊन गुपचूप उसवायची आणि पुन्हा शिवायची.

चौकशीच्या दिवशी बाई बरोबर गेली. मलाही नेलं, पुरावा म्हणून. लांब टेबल होतं. पलीकडे तिघे साहेब, अलीकडे ताई. बाईला कोणी बसायला सांगितलं नाही. ती खुर्ची ओढून बसली.

मधले साहेब म्हणाले, "हे बघा, चूक तुमच्या बाजूनं झाली आहे."

"माझ्या बाजूनं नाही. माझ्याकडून," बाई म्हणाली. "पुस्तिका मी घातल्या. मला शिक्षा करा. माझी सुई काढून घ्या, दुकानाला कुलूप लावा. पोरीला का जमिनीवर बसवलंय?"

"आई, जाऊ दे गं," ताई पुटपुटली.

"तू गप. साहेब, एक सांगा, फोनवरचं लायसन्स कोणी धाडलं तिला?"

"आम्हीच."

"खोटं आहे ते?"

"नाही नाही. पूर्ण खरं आहे."

"म्हणजे तुमचा शब्द तुम्हीच मानत नाही. तिनं मानला, तर तिची चौकशी. वा! माझ्या दुकानात मी असं केलं तर गिऱ्हाईक माझ्याच रापीनं माझं नाक कापेल."

साहेब खाकरले. "तुमचं म्हणणं असं तोंडी चालत नाही, बाई. लेखी द्या."

बाईनं डोक्यावरचा चष्मा चाचपला. मग म्हणाली, "लिहिता-वाचता आलं असतं, तर पुस्तिका वाचून नसत्या का घातल्या?"

मित्रांनो, आयुष्यभर ती बाई "चष्मा घरी राहिला" म्हणत आली होती. पोरांनासुद्धा तिनं कधी कबूल केलं नव्हतं. त्या दिवशी अनोळखी माणसांसमोर, डोक्यावर चष्मा असताना, तिनं ते सांगून टाकलं. ताईनं तिचा हात धरला. बाईनं तो झटकला आणि म्हणाली, "रडू नकोस. लिही. मी सांगते ते लिही."

ताईनं लिहिलं. बाईनं खाली चित्रासारखी सही केली.

काही काळानं ताईला पुन्हा उडायची परवानगी मिळाली. आणि त्यानंतर केव्हातरी तो नियम बदलला. पायलटनं लायसन्स आणि दाखला फोनवर दाखवला तरी चालेल. कितीतरी पायलट आधीपासून मागणी करत होते, त्यामुळे बदलला. बाई मात्र म्हणते, माझ्यामुळे बदलला. मी मध्ये पडत नाही.

तेव्हापासून मी रिकामी झाले. बाईनं मला दुकानात आणलं. आता माझ्या एका कप्प्यात खडू आहेत, दुसऱ्यात सुया. सुया टोचतात, पण माझ्या स्वतःच्या आहेत, परक्या नाहीत. जुळीत धाकट्यानं चार्जरच्या वायरी कोंबल्यात. ती तक्रार करते. करू दे.

परवा एक निवृत्त पायलट मोटारीच्या सीटला कव्हर शिवायला आला. मला पाहून हळहळला. "अहाहा, अशी थैली! आता काय, सगळं फोनमध्ये. कागदाची मजा वेगळीच होती."

बाईनं मशीन थांबवलं. "मजा? दोन बोटांची मजा झाली, साहेब. तुमची कोणती दोन देता?" तो माणूस माप न देताच गेला. पहिल्यांदाच मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक तर जाऊ दे. म्हणून सांगते, माझ्यासाठी कोणी अहाहा करू नका. मला काचेच्या कपाटात ठेवू नका. मी रिकामी झाले हेच बरं झालं.

आणि काल ताई दुकानात आली ती घामानं भिजलेली, पण हसत. एका आजीला घेऊन गेली होती, हृदयाचं दुखणं. निघताना अंगणात तपासनीस आला. तोच.

बाईचा पाय मशीनवरच थांबला. "मग?"

"मग काय, फोन दाखवला. त्यानं यंत्र धरलं, पिंग वाजलं, हिरवं झालं. म्हणाला, 'निघा.' झालं. पाणी प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ नाही लागला, आई!"

मला वाटलं, बाई आता हसेल, देवाचं नाव घेईल, पोरीच्या पाठीवरून हात फिरवेल. बाईनं हातातली कात्री टेबलावर आदळली. सुया माझ्या पोटात उडाल्या.

"एवढंच होतं?" ती ओरडली. "एवढंच करायचं होतं त्याला? तोच माणूस, तेच यंत्र, तोच हिरवा दिवा! त्या दिवशी पण हिरवाच लागला होता ना गं?"

"हो, आई."

"मग?"

डोक्यावरून एक विमान गेलं, पत्रे थरथरले. बाई कात्रीकडे बघत बसली. तिनं पुन्हा मशीन सुरू केलं नाही.

म्हणून मित्रांनो, मी तुम्हाला वस्तू जपा असं सांगणार नाही. फोन चार्ज करून ठेवा, लायसन्स आधीच त्यात उतरवून ठेवा, म्हणजे जिथे रेंज नसते तिथे ते दगा देणार नाही. एवढी काळजी पुरे. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणीतरी तुमच्या हातात एखादं यंत्र देईल, एखादा शिक्का देईल, आणि तुमच्यापुढे कोणीतरी हात जोडून उभं असेल. तेव्हा "माझ्या हातात काही नाही" असं म्हणायच्या आधी दोन पावलं पुढे जा आणि आत डोकावून बघा. आत कोणीतरी मांडीवर डबा घेऊन बसलेलं असतं.